क्लच नसलेली गाडी

४ जानेवारी १९९८, रविवार

भाऊ म्हणे, ऑटोमॅटिक गाडी म्हणजे पेट्रोल पिणारी म्हैस. दूध काही देत नाही!

सगळे हसले. माय पण हसली. सुगंधावहिनी ओट्याजवळ होती, ती नाही हसली.

मी फक्त एवढंच म्हटलं होतं की नाशिकचे एक डॉक्टर त्यांची छोटी ऑटोमॅटिक विकतायत आणि ती मी घेणार आहे. माझ्या पगारातून. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. पण या घरात मी काहीही सांगितलं की ते विचारल्यासारखंच ऐकू येतं.

माय म्हणाली, "तुले कायले पाहिजे गाडी? पितांबर नेतो ना रोज."

नेतो. भाऊ एकोणीस वर्षं नेतोय. आधी मोटरसायकलवर, आता गाडीतून. असोद्याहून जळगावला माझ्या शाळेपर्यंत सात किलोमीटर. तिसऱ्या वर्षी पोलिओने डावा पाय गेला, आणि क्लच असतो डाव्या पायाखाली. ऑटोमॅटिकला क्लचच नाही. उजवा पाय पुरतो. उजवा पाय माझा चांगला आहे!

भाऊ म्हणाला, "कुंदे, माझी गाडी पाच गिअरची. एसी लावूनही वीसचा अ‍ॅव्हरेज देते. तुझी ती तीन गिअरची, दहा पण द्यायची नाही."

म्हटलं, मोजू या.

"मोज!"

गणिताच्या बाईला मोज म्हणतो!

११ जानेवारी, रविवार

मोजलं. नियम मी ठरवले. असोद्याच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची, एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याच्या अलीकडच्या धाब्यापर्यंत जायचं, चहा प्यायचा, उलटं यायचं. परत त्याच पंपावर काठोकाठ. एकशेनव्वद किलोमीटर. गाडीत दोनच माणसं.

निघताना वहिनी पदर सारखा करून दारात आली. "मी येऊ का मागे बसून? धुळ्यापर्यंत जाताच आहात तर."

तिचं माहेर धुळ्याचं. धाब्यापासून चार-पाच किलोमीटर असेल.

भाऊ म्हणाला, "वजन वाढतं. अ‍ॅव्हरेज पडेल."

एसी लावून अकरा लिटर सहाशे मिली. म्हणजे १६.४. वीस नव्हे!

भाऊ पंपवाल्यावर ओरडला. पंपवाल्याचा काय दोष?

१८ जानेवारी, रविवार

आज एसी बंद. काचा उघड्या, पारोळ्याच्या पुढे धुळीने तोंड माखलं. दहा लिटर चारशे. १८.३. एकाच गाडीत एका बटणाने जवळजवळ दोन किलोमीटरचा फरक!

दुपारी चुडामणमामांची गाडी मागून आणली. तीच कंपनी, पण साधं मॉडेल. एसी नाही, चारच गिअर, सीटवर प्लास्टिक. भाऊ तिला डबा म्हणतो. भाऊनेच चालवली. बरोबर दहा लिटर — एकोणीस!

डब्याने पाच गिअरवालीला हरवलं. भाऊ म्हणे, "हलकी आहे ना, म्हणून." म्हटलं, हो, मी तेच लिहिते आहे.

वहिनीने आज विचारलं नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

आली! पांढरी. डाव्या दारावर एक पोचा. मागच्या काचेवर कुणाच्या तरी लग्नाचा स्टिकर अर्धा उरलाय. खाली बघितलं — दोनच पेडल. नुसतं बघत बसले.

भाऊ बाहेर आलाच नाही.

९ फेब्रुवारी

कच्चं लायसन्स. आरटीओच्या साहेबांनी माझ्या डाव्या पायाच्या कॅलिपरकडे पाहिलं. "बाई, क्लच कसा दाबणार?"

"क्लच नाहीच."

"म्हणजे?"

त्यांना खाली अंगणात नेऊन गाडी दाखवली. ते आत वाकून बराच वेळ पेडलं मोजत होते. दोनच आहेत हो साहेब, किती मोजाल! मग हसले आणि सही केली.

१५ फेब्रुवारी, रविवार

आमचा ट्रॅक्टर चालवणारा मगन शेजारी बसतो. पन्नाशीचा माणूस, पण आज पुढची पट्टी दोन्ही हातांनी धरून होता. "अक्का, ब्रेक! अक्का, केळी!" केळीच्या वाफ्यात गेलो. दोन झाडं आडवी.

भाऊने ती झाडं तिथेच पडू दिली आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

दाखव.

१६ फेब्रुवारी

परत गेले त्याच शेतरस्त्याने. झाडांच्या शेजारून. सरळ.

१७ मार्च, मंगळवार

पक्कं लायसन्स. फोटोत मी चिडलेली दिसते. असू दे, चिडलेलीच आहे.

२२ मार्च, रविवार

माझ्या गाडीची पाळी. मी चालवणार, भाऊ शेजारी. मी सकाळी दार उघडलं तर वहिनी अंगणात उभी. चांगलं पातळ नेसलेली. हातात काही नाही. नुसती गाडीकडे बघत होती.

मी म्हटलं, "वहिनी, आज नको. नियम सारखे हवेत ना? नाहीतर भाऊ म्हणेल मी फसवलं."

"हो हो, बरोबर आहे," म्हणाली आणि झाडू घेतला.

एरंडोलपर्यंत भाऊचा उजवा पाय त्याच्या बाजूला हवेत ब्रेक दाबत होता. पारोळ्याला तो पाय थांबला. परतताना चक्क झोपला! माझ्या हातात गाडी असताना माझा भाऊ झोपला. आकडा काय यायचा तो येवो, हे मी विसरणार नाही.

आकडा आला. चौदा लिटर शंभर. १३.५.

पंपावरच भाऊने टाळी दिली पंपवाल्याला. "बघ! पाच किलोमीटर खाल्ले तुझ्या ऑटोमॅटिकने!"

२३ मार्च

हरले. आकडा आकडा असतो. खोटं लिहिणार नाही.

२४ मार्च, मंगळवार

हरले कशी?

आज नववीला सरासरी शिकवत होते. फळ्यावर लिहिता लिहिता खडू थांबला. आम्ही धुळ्याचं मोजलं. पण मी धुळ्याला जाते कुठे? मी शाळेत जाते!

भाऊ मला शाळेत सोडतो, सात किलोमीटर. रिकामा घरी येतो, सात. संध्याकाळी रिकामा येतो, सात. मला घेऊन जातो, सात. अठ्ठावीस किलोमीटर, त्यातले चौदा नुसती रिकामी सीट फिरते. त्याचा चांगला, बिनएसीचा आकडा धरला तरी दीड लिटर. मी स्वतः गेले तर चौदाच किलोमीटर. माझ्या म्हशीला लागतं एक लिटर!

जेवताना पाटीवर मांडून दाखवलं. भाऊने पाटी ओढून घेतली आणि बेरजा परत केल्या. चूक शोधत होता. चूक नाही.

शेवटी म्हणाला, "आणि रस्त्यात बंद पडली तर?"

"तर ढकलायला माणसं बोलवीन. तुझी बंद पडते तेव्हा तू काय करतोस?"

माय म्हणाली, "ऐकत नाही ती. जाऊ दे तिले."

जाऊ दे तिले! एकोणीस वर्षांनी!

वहिनी ताटं उचलत होती. पाटीपाशी थांबली. म्हणाली, "म्हणजे गाडी कुणाची आहे त्यावर असतं, नाही का, ताई? किती पिते ते."

मी म्हटलं, तसं नाही वहिनी, किती फेऱ्या होतात त्यावर. आणि तिला सगळं परत समजावून सांगितलं. ती ऐकत होती.

३० मार्च, सोमवार

एकटी गेले. एकटी आले. वाटेत दोनदा उगाच हॉर्न वाजवला.

स्टाफरूमच्या खिडकीत सगळ्या बाया. पी.टी.च्या बाईंनी विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?" म्हटलं, साडेतेरा! असं सांगितलं की जणू तीस देते.

५ एप्रिल, रविवार

भाऊ सकाळीच केळीच्या गाडीबरोबर रावेरला गेला. मी गाडी धूत होते. वहिनी आली. हातात ट्रंक, लग्नात आणलेली ती. दोन दिवसांच्या कपड्यांना ट्रंक लागत नाही.

"ताई, माले धुळे सोडी दे." बावीस वर्षांत या घरात तिच्या तोंडून तिच्याकडची बोली मी ऐकली नव्हती. माय हसायची म्हणून पहिल्याच वर्षी सोडली होती म्हणे.

मी म्हटलं, "परत कधी?"

तिने ट्रंक गाडीपाशी नेऊन ठेवली. मग कळलं. तिचे वडील वारले तेव्हा माहेरी गेली होती, त्याला चार वर्षं झाली. या तीन महिन्यांत धुळ्याच्या वेशीपर्यंत आम्ही चारदा जाऊन आलो. चौथ्यांदा नाही म्हणणारी मी होते.

भाऊ मला काय काय म्हणेल ते सगळं एका क्षणात ऐकू आलं. म्हणू दे.

ट्रंक मागे ठेवली. तिला पुढे बसवलं.

"गाडीम्हा पेट्रोल शे ना?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हटलं.