कंदिलाची थाप

चि. घनश्याम,

आशीर्वाद सध्या राखून ठेवते.

मागच्या वर्षी राळेगावच्या सत्कारात तू माइक धरून म्हणालास, "माह्या पोरीनं, प्रेरणानं, कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, तवा डॉक्टरकीले नंबर लागला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेतच होते. प्रेरणा यवतमाळला माझ्याकडे राहून शिकली. कूलरसमोर अभ्यास करायची, दुपारी झोपायची, अडलं की मला विचारायची. माझ्या घरात कंदील नाहीच.

पण स्वतःची थाप तुला स्वतःलाच खरी वाटू लागली. म्हणून धाकट्या निशिगंधाच्या खोलीतला कूलर तू ऐन मे महिन्यात काढून टाकलास. काल पोर चक्कर येऊन पडली. मी तिला घेऊन निघाले, तेव्हाही तुझं चालूच, "ताई, सोसल्याबिगर कोनी मोठं होत नाही!"

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला गुडघ्यांवर उभं करायच्या. गुडघे सोलवटले, गणित आलं नाही. एका बाईंनी शांतपणे समजावलं, तेव्हा ते आलं. नंतर शिक्षिका झाल्यावर मीही आयुष्यभर तसंच शिकवलं.

निशिगंधा आता इथेच राहील. आत्ता ती कूलरसमोर गाढ झोपली आहे. न्यायला आलास, तर फाटकातूनच परत पाठवीन.

हे पत्र मात्र टाकणार नाही. तुझ्या हाती लागलं, तर उद्या तिच्याही सत्कारात सांगशील, "पोरीनं आत्याचा जाच सोसला, तवा पास झाली."

जाच करायला समर्थ असलेली तुझी ताई,
विजयमाला