एका कोयत्याला एक नळी

१२ डिसेंबर, कडा

दहा कोयत्यांची टोळी आज उसाच्या फडावर उतरली, असं मुकादम बंकटरावांनी दुपारी स्वतः सांगितलं. म्हणजे आमच्या मलमाची चाचणी उद्यापासून. पुण्याच्या प्रयोगशाळेतून एकटी येताना धाकधूक होती, पण खोली हवेशीर आहे आणि शेजारच्या भामाबाईंनी न मागता भाकरी-ठेचा धाडला.

१३ डिसेंबर

ऊस तोडून चिरलेले तळहात पहिल्यांदा जवळून पाहिले. मलम चोळून हात घटकाभर उन्हात धरायचा. त्यातले रेणू पक्के जोडलेले नसतात, नुसते हात धरून असतात. उन्हात पकड घट्ट होते, अंधारात सैल पडते. माणशी एक नळी, असा नियम आहे. बंकटराव म्हणाले, नवरा-बायको मिळून एक कोयता, हजेरीत एकच नंबर, तुमचे दोन कावून? मीही त्यांचीच यादी उतरवून घेतली. कोयत्याला एक नळी. पहिली शिरूर कासारच्या सुग्रीव आणि छबुबाईंना.

१६ डिसेंबर

चिरा बुजल्या, वणसुद्धा नाहीत. छबुबाई म्हणाल्या, लई गुण हाय, आता ह्यांच्या तोंडालाबी लावा. सुग्रीव म्हणाला, आधी हिच्या. सगळा फड हसला. मोळी बांधायला शिकताना माझं उजवं बोट कापलं. त्यांच्याच नळीतलं उरलेलं लावलं.

१९ डिसेंबर

मोळी डोक्यावर देताना दोघांचे तळहात जुळले ते सुटेनात. त्यांच्या कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, अंधारात तासभर बसवल्यावर सुटले. सुग्रीव थट्टा करत होता. छबुबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, चिकटलं न्हाई ताई, आतून वढलं.

२० डिसेंबर

प्रयोगशाळेच्या प्रियदर्शनी मॅडमनी फोनवर खात्रीनं सांगितलं. एका नळीतलं मलम दोन अंगांत गेलं, तर ते उजेडात एकमेकांना शोधतं. कातडीवर थांबत नाही, आत वाढतं. नियम त्यासाठीच होता. कारण कुठे लिहिलेलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

दहाही नळ्या वाटून झाल्यात.

२२ डिसेंबर

पुन्हा जुळले. मनगटापर्यंत. आता अंधारातही सुटत नाहीत. मधे सांधा दिसत नाही, कातडी एकच. सुग्रीवनं डाव्या हातानं कोयता घातला. पातं आरपार गेलं. त्याच्या मागून मांस मिटत गेलं. रक्त नाही.

२३ डिसेंबर

बाकीच्या नऊ जोड्या कोपीत. दारांना गोणपाट. दवाखान्याची गाडी उद्या अकराला.

माझं बोट फडाकडे वळतंय. मी पाठ फिरवली तरी—

२४ डिसेंबर, सकाळ

डाव्या हातानं लिहितेय. ते दोघं माझ्या दाराबाहेर आहेत. छबुबाई रडत म्हणतायत, आमी आलो न्हाई ताई, हातानं आनलं. त्यांचा मोकळा तळहात बाहेरून दाराच्या फळीला टेकलाय. माझा आतून. मी टेकवला नाही.

आभाळ आलंय म्हणून अजून एवढ्यावरच.

खिडकीला चादर पुरत नाही. फळीत फट आहे— बोट तिथवर पोचलंय.

भामाबाई अंगणातून ओरडून सांगतायत, ढग पांगलेत, धा वाजायच्या आत लख्ख ऊन पडंल, घाबरू न्हका—

उजेड येतोय, फटीतून काहीतरी बारीक, उबदार