गॅलरीतलं कपाट

प्रिय मास्तरीणबाई,

माझी शाळा तिसरीतच सुटली, तेव्हा काना-मात्रा चुकेल तिथे तू आपली दुरुस्त करून वाच. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं हो आजी, हो आजी करतेस. पत्राला तसं करून सुटता येत नाही.

तर बातमी अशी की गॅलरीतलं कपाट हललं. हो, तेच. तुझे आजोबा आणि धाकटे भाऊजी यांचं शिवणाच्या दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून वाजलं आणि दोघांनी मिळून ते लोखंडी धूड दोन्ही बिऱ्हाडांच्या सामाईक गॅलरीच्या मधोमध आडवं उभं केलं. भांडल्यावर दोघांनी मिळून केलेलं तेवढं एकच काम. एकोणीस वर्षं झाली. दोघेही गेले, कपाट राहिलं. तुझी छोटी आजी आणि मी कधी भांडलोच नाही गं, नुसत्या आपापल्या नवऱ्यामागे गप्प झालो. गप्प बसायचीही सवय लागते, चहासारखी. जिना उतरून तिच्या जिन्याने वर जावं म्हटलं, तर माझे गुडघे आणि माझा ताठा, दोन्ही आड यायचे. गुडघ्यांना निदान मलम तरी आहे.

गेल्या महिन्यात दूधवाला सांगून गेला की छोटीचा मुलगा पुढच्या रविवारी येणार आणि तिला कायमची घेऊन जाणार, एकटीला ठेवायचं नाही म्हणतो. माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. सतराव्या वर्षी या घरात आली तेव्हा तिला नीट चहासुद्धा येत नव्हता, मी शिकवला. अजून पाणचट करते, ते सोड. पण ती जाणार आणि मी कपाटाच्या अलीकडे उभी राहून टॅक्सीचा आवाज ऐकणार, हे मला सोसवेना.

मग मी ठरवलं, कपाट थोडं तिच्या बाजूला सरकवायचं. आपली गॅलरी मध्ये अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद आहे ना, म्हणजे तिच्या दारापर्यंत गेलं की वाट मोकळी. कपाट रिकामं केलं. त्यात काय निघालं ते सांगत बसले तर पत्र संपायचं नाही. तुझ्या बाबांचं पाचवीचं प्रगतिपुस्तक निघालं, ते मी जपून ठेवलंय, तो तुला जास्त बोलला की दाखवीन. तर कपाटाच्या पायांशी साबणाचं पाणी सोडलं आणि चार वाजता खालचा पाण्याचा पंप सुरू झाला की ढकलायला लागले. पंप का, तर त्याच्या घरघरीत छोटीला ऐकू जाऊ नये. उगाच तिला वाटायचं, हिला माझी गरज आहे.

सोमवारी ढकललं, हललं नाही. मंगळवारी पाठ लावून ढकललं, नाही. रिकामं कपाट आणि खाली साबण, तरी पहाड झालेला. बुधवारी दम लागला म्हणून मी हात काढले, पदराने तोंड पुसलं, तर कपाट आपणहून वीतभर माझ्याकडे आलं. मी देवाचं नाव घेऊन मागे सरले.

आणि मग मला तुझी काडेपेटी आठवली. सुट्टीत तू आली होतीस, शिकवायची तालीम म्हणून मला समोर बसवलंस आणि टेबलावर काडेपेटीला दोन बाजूंनी दोन बोटं लावलीस. म्हणालीस, आजी, पेटी जागची हलत नाही म्हणजे तिला कुणी ढकलत नाही असं नाही, दोघं सारखंच ढकलत असतील. एकाने बोट काढलं की ती त्याच्याकडे जाते. मी मान हलवली. खरं सांगते, तेव्हा मला काही कळलं नव्हतं, माझं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं.

बुधवारी कळलं. मी कपाटावर टकटक केली. पलीकडून धापा टाकत छोटी म्हणाली, जाऊबाई, तुम्ही ढकलताय होय, मी तीन दिवस म्हणतेय हे लोखंड आहे की काय आहे. तिनेही पंपाचीच वेळ धरली होती. कारणही तेच, मला ऐकू जाऊ नये. मग मी म्हटलं, आता तू ढकल, मी ओढते. दोघींचा जोर एका बाजूला आला आणि खाली साबण, त्यामुळे ते असं सुटलं की मी वेळेवर बाजूला झाले नसते तर आज हे पत्र छोटीने लिहिलं असतं. माझी तुळशीची कुंडी गेली. जाऊ दे.

रविवारी तिचा मुलगा आला, तेव्हा आम्ही कपाटाला टेकून चहा पीत होतो. हे कुणी सरकवलं, असं त्याने तीनदा विचारलं. आम्ही दोघींनी, असं सांगितल्यावर त्याने बॅग खाली ठेवली. संध्याकाळी एकटाच परत गेला. आता छोटी रोज माझ्याकडे झोपते आणि घोरते. एकोणीस वर्षांत हे बरंच वाढलंय.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. तुझी आई म्हणाली, तुझ्या वर्गातली मुलं नुसती बघत बसतात, कुणाला काही कळत नाही, म्हणून तू नोकरी सोडायचं म्हणतेस. सोडायची तर सोड, तुझं तू जाण. पण पोरी, मीही नुसती बघतच बसले होते. मला कळायला सहा महिने लागले, आणि तेव्हा तू समोर नव्हतीस. त्या मुलांचंही कुठे तरी, कधी तरी असंच होईल, आणि ती काही तुला पत्र लिहायची नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने मी लिहिते आहे. तुझ्यामुळे माझी जाऊ मला परत मिळाली. तुझे फार उपकार झाले.

तुझीच, सहा महिन्यांनी पास झालेली विद्यार्थिनी,
मोठी आजी