सात नंबरचा डावा पाय

धार, रविवार,
१३ नोव्हेंबर १९८३

प्रिय नलू,

तू सात वर्षांची असशील. बाजारात माझ्यासाठी चपला घ्यायला गेलो होतो. उजव्या पायाला पाच नंबर नीट बसला, डावा काही केल्या आत जाईना, त्याला सात नंबर लागला. दुकानदार म्हणाला, भेनजी, दो जोड़ी ले जाओ, एक-एक पहन लो. तसंच केलं. उरलेला विजोड जोड घालून तू महिनाभर घरभर फटक फटक करत हिंडलीस. मग एका दुपारी विचारलंस, आई, तुझा एक पाय मोठा का गं? मी म्हटलं, कॉन्व्हेंटच्या जिन्यावरून पडले होते.

काल संध्याकाळी तुझं पत्र मिळालं. लेक दहा दिवसांची झाली, नाक रत्नाकररावांचं घेतलंय, सासूबाई डिंकाचे लाडू हातानं भरवतात, सगळं वाचून जीव सुखावला. शेवटी घाईत एक ओळ लिहिली आहेस. डावी पोटरी टणक झालीय, गरम लागते, पण मालिशवाल्या भवानीबाई सकाळ-संध्याकाळ तेल लावून जोरात रगडतात, उतरेल. त्या ओळीपासून मला बसवत नाही. रत्नाकररावांच्या कारखान्यातला फोन रविवारी कोण उचलणार? म्हणून बाबा सातच्या बसनं निघतायत. बाहेर बूट घालून बसलेत. पण विहीणबाईंसमोर बाळंतिणीच्या पोटरीचा विषय त्यांच्या तोंडून निघायचा नाही, माझी खात्री आहे. म्हणून हे पत्र. मराठी वाचताना तू अडखळतेस, तेव्हा अक्षरं सुटी आणि मोठी काढते आहे. बाकीचं मागून वाच, आधी एवढं कर: त्या पायाला कुणाला हात लावू देऊ नकोस.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं. तुला आणलं नाही, कारण श्रावणापासून माझ्या डाव्या घोट्यावरची जखम वाहते आहे. तुला कातडीचा त्रास म्हणून सांगितलं. तिथली कातडी कॉफीच्या रंगाची, जोड्याच्या चामड्यासारखी कडक झाली आहे. मधूनच लाल होते, आग होते, संध्याकाळी पाय शिशाचा वाटतो. चार वर्षांपूर्वी इंदूरच्या डॉक्टरांनी समजावलं. आतल्या मोठ्या शिरेत रक्त गोठलं की शीर सुजते. गाठ पुढे विरली, तरी रक्त वर चढवणारी शिरेतली बारीक दारं निकामी होतात. मग रक्त पायातच साचून राहतं, जन्मभर. आणि ताजी गाठ चोळली, तर तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो. तुम्ही वाचलात हेच नशीब, असं ते म्हणाले होते. काल रात्रीपासून तेवढंच कानात घुमतंय.

नलू, जिना वगैरे काही नव्हतं. हा पाय तुझ्या जन्मानंतर नवव्या दिवशी सुजला. बाळंतिणीनं सव्वा महिना पाय जमिनीला लावायचा नाही, हा आपल्या घराण्याचा नेम. बारशालासुद्धा मला खुर्चीसकट उचलून पाळण्याशी नेलं. वारं शिरलं म्हणत पाय गरम तेलानं रगडला. जुन्या दरबारचे डॉक्टर आले, पडद्याबाहेरून माझी नाडी पाहून गेले. सुजलेलं, तापलेलं अंग चोळायचं नसतं, हे सिस्टरनी शाळेत शिकवलेलं मला आठवत होतं. पण माझ्या सासूबाई आधीच म्हणायच्या, आमच्या मडमीणबाईंना सगळं येतं हो! आणखी एक टोमणा नको म्हणून मी गप्प राहिले. आणि तू स्वतःला दोष देशील म्हणून पुढे सव्वीस वर्षं गप्प राहिले. तुझा काही दोष नव्हता, राणी. पण तूही माझ्यासारखीच गप्प बसशील, या भीतीनं आज सगळं सांगितलं. आता नीट ऐक. हे पत्र वाचून झालं की रत्नाकररावांच्या हातात दे. त्यांनी आजच गाडी करून तुला पाय लांब करून, निजवून इंदूरला न्यावं, बाळही बरोबर. बाबांजवळच्या पाकिटात माझ्या पायाचे कागद आहेत, ते तिथल्या डॉक्टरांना. बाबांबरोबर दिलेली बाग गावच्या छापाची चादर विहीणबाईंना, सावित्रीबाईंना, माझ्या नमस्कारासह. त्यांनी जे केलं ते मायेनंच केलं. हिरवं लुगडं भवानीबाईंना. सव्वा महिना पुरा झाल्यावर द्यायचा मान आजच द्या, म्हणजे त्या संध्याकाळी पुन्हा यायच्या नाहीत. आणि तो विजोड जोड अजून माझ्या ट्रंकेत आहे. तो तुझ्या लेकीला, घरभर फटफटवायला. तुला मात्र दोन्ही पायांना एकाच नंबरच्या चपला लागोत.

वाटेकडे डोळे लावून बसलेली, तुझीच,
आई