उन्हात राहिलेली नळी

मी, दुकानांच्या पाट्या रंगवून संसार केलेला, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसे डॉक्टरांनी वेगळे लिहून दिले आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. गच्ची सोडून राहते घर मुलाला. बँकेतली शिल्लक मुलीला. यावरून भांडू नये.

२. ब्रश आणि शिडी धाकट्या भावाला. शिडी त्याने नऊ वर्षांपूर्वी नेली ती अजून आणून दिलेली नाही, तेव्हा ती नुसती त्याच्या नावावर करायची आहे.

३. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याला काहीही नाही. त्याच्या एसीच्या गरम वाऱ्याने माझी वांगी दोन उन्हाळे होरपळली. सांगायला गेलो तर म्हणाला, "काका, वांगी बाजारात मिळतात की."

४. गच्ची आणि तिच्यावरचे सत्तावीस डबे सुनेला. डबे मीच पांढरे रंगवलेत. काळ्या डब्यात मुळे शिजतात. उन्हाळ्यात ते टाकीच्या पूर्वेला, एकमेकांना चिकटून ठेवावेत. मातीवर वाळका पाला पसरावा, भोवती ओले गोणपाट गुंडाळावे. पाणी उजाडताना घालावे. दुपारी पाने मान टाकतात, ती संध्याकाळी सावरतात. घाबरून धावू नये. नळीतले तापलेले पाणी आधी बाजूला सोडून द्यावे.

हे शेवटचे वाक्य लिहायला मला चार वर्षे लागली.

माझी बायको बावीस वर्षे एकाच मिरचीचे बी राखत आली. ती गेली त्या उन्हाळ्यात त्या मिरचीची बाराच रोपे उरली होती. एका दुपारी रोपे मलूल दिसली. मी घाबरलो आणि उन्हात पडलेली नळी तशीच रोपांवर सोडली. बोटांना चटका बसला तेव्हा बाराव्या डब्यापाशी होतो. संध्याकाळी सून त्यांना बादलीने पाणी घालताना दिसली. दोन दिवसांत सगळी रोपे गेली. मी घरच्यांसमोर तिला म्हणालो, "सासूला तू दुसऱ्यांदा मारलंस."

ती म्हणाली, "बाबा, मी सावलीतल्या पिंपातलंच पाणी घातलं हो." तरी मी शब्द मागे घेतला नाही. महिन्याभरात मुलाने आणि तिने वेगळे बिऱ्हाड केले.

रोपे मी मारली. मला तेव्हाच कळले होते. लाज वाटत होती, आणि तिच्यावर ढकलणे सोपे गेले.

५. मी गेल्यावर हे वाचले, तर तिला मला दोन शब्द सुनावता येणार नाहीत. म्हणून आज सकाळी तिच्या घरी जाऊन कलम चार मुलासमोर मोठ्याने वाचले.

ती भांडी पुसत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "त्या दिवशी नळी मीच गुंडाळून ठेवली, बाबा. तेव्हाही हाताला पोळत होती. तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल, म्हणून दोन वर्षं वाट पाहिली. मग सोडून दिलं."

गच्ची तिला नको आहे. तिला कोणी समजावू नये. कलम चार मी तसेच ठेवत आहे.

सही : (लिहून देणार)

साक्षीदार : १. घरचे डॉक्टर (सही)
२. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)

ठिकाण : राहत्या घराची गच्ची
दिनांक : ९ मे, दुपारी साडेबारा