पैकीच्या पैकी

आमोद,

तू देवळात नारळ फोडून येईपर्यंत मी श्रियाला घेऊन स्कॉलरशिपच्या केंद्रावर निघतेय. मागून येऊ नकोस. पोहे कढईत झाकलेत.

काल ती गणिताचा सराव पेपर सोडवत होती. मी सहज एक प्रश्न हाताने झाकला आणि उत्तर विचारलं. "तीन नंबरचा गोल," म्हणाली. प्रश्न न बघता. पुढच्याचंही तसंच, त्याच्या पुढच्याचंही. पुस्तकाच्या शेवटी दिलेली उत्तरं तिने पाठ करून टाकलीत, सगळ्या पेपरांची. तू कामावरून आलास की तिने उत्तरपत्रिकेत रंगवलेले गोल नुसते ताडून बघतोस. गणित कसं केलंस, हे एकदाही विचारलं नाहीस. एक गोल चुकला तरी जेवताना तिच्याशी बोलत नाहीस. पोरीने त्यावर तिच्यापुरता उपाय काढला.

आणि तू तिचे पैकीच्या पैकी मार्क गावभर सांगत सुटलास. वीर स्टेशनवरून येताना रिक्षावाल्यालासुद्धा सोडलं नाहीस.

पेपर सुटला की आम्ही परस्पर कुडपणला आईकडे जाऊ. कधी येऊ ते आत्ता विचारू नकोस. फोन केलास तर ती जेवली का एवढंच विचार.

ती चपला घालून दारात उभी आहे. आत्ताच मला म्हणाली, "आई, आपल्या पुस्तकातलाच पेपर येणार ना?"

मी हो म्हणाले.

अनघा