पात्याखालची पट्टी

४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी नोकरदार! पंचवीस वर्षं हाताने पाट्या रंगवल्या. आता ब्रशला कुत्रं विचारत नाही, म्हणून मेहुण्याच्या स्टिकरच्या दुकानात. दुकान मात्र झकास आहे. समोर मोठी काच, भिंतीला ओळीने व्हिनाइलचे रंगीत रोल, कोपऱ्यात कटिंग मशीन. वरच्या मजल्यावर मेहुण्याचं बिऱ्हाड. त्याने गिऱ्हाइकांना माझी ओळख ‘आमचे भाऊजी, मोठे कलाकार’ अशी करून दिली. टोमणा कळला, चहाबरोबर गिळला. घरी हिला सांगितलं तर म्हणाली, दादा तोंडाने तिखट आहे, मनाने नाही. असेल बुवा. खूप दिवसांनी बरं वाटतंय.

५ नोव्हेंबर

मशीन धड कापत नाही. अक्षरांचे कोपरे सुटत नाहीत, सोलायला गेलं की फाटतात. पातं असं बसायला हवं की वरचं व्हिनाइल कापलं जाईल, पण खालच्या कागदाला धक्का लागणार नाही. म्हणून प्रत्येक कामाआधी एक छोटा चौकोन कापून बघायचा. तो सुईने अलगद उचलला गेला की जमलं. मी पातं बदललं, दाब वाढवला, वेग कमी केला. चौकोन हटून बसलेला. शेवटी पात्याखालची पट्टी, जिच्यावर टेकून पातं चालतं ती, बोटाने चाचपली. आधीच्या कारागिराने पातं इतकं खोल चालवलंय की तिच्यावर चरेच चरे. मेहुण्याकडे नवी पट्टी मागितली, तर म्हणे कलाकाराला सामान कशाला लागतं?

६ नोव्हेंबर

जुगाड केला. हिच्या पोटाच्या ऑपरेशनचा व्रण बुजावा म्हणून डॉक्टरांनी सिलिकॉनची पट्टी दिली होती. सात महिने ही ती रोज धुऊन पोटावर लावायची. आता कपाटात नुसती पडून होती. तिच्या बारीक फिती कापल्या आणि मशीनमध्ये जुनी पट्टी काढून एकापुढे एक चिकटवल्या. पहिलाच चौकोन असा सुटला की मेहुणा वाकून बघायला आला! दिवसभरात अकरा कामं, अकरा चौकोन.

७ नोव्हेंबर

हिच्या पोटावर चौकोन उमटलेत. केसाएवढ्या बारीक लाल रेघा, कोपरे काटकोनात. मी मोजले, अकरा आहेत. ही म्हणते नवीन साबण लागला असेल. साबण काटकोन काढत नाही, पण मशीनमधल्या फितीचा हिच्या पोटाशी संबंध कसा मानायचा? योगायोग म्हणून सोडून दिलं.

८ नोव्हेंबर

जाड व्हिनाइलचं काम आलं. दाब दुप्पट केला. चौकोन कापतो न कापतो तोच हिचा फोन. भाजी चिरत होती आणि पोटातून रक्त यायला लागलं.

मशीन बंद केलं. फितीचं टोक नखाने उचकटलं. बोटभर निघाली. फोन चालूच होता. ही अशी किंचाळली की —

परत दाबून बसवली, तेव्हा किंचाळणं थांबलं.

घरी जाऊन पाहिलं. पोटावरची कातडी बोटभर सोलली गेली आहे. म्हणजे त्या फितीवर कापता येत नाही आणि ती काढताही येत नाही. माझ्यासारखा नालायक मीच.

९ नोव्हेंबर

मशीन बिघडलंय म्हणून सांगून टाकलं. दुपारी मेहुणा बहिणीला बघायला घरी आला. मलमपट्टी उचलून त्याने चौकोन पाहिले. मग माझ्या खिशातला कटर पाहिला. आजवर निदान अहो-जाहो होतं. आज पहिल्यांदा अरे-तुरे.

ही शपथेवर म्हणाली, यांनी कधी बोटही लावलं नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, सगळ्या बायका असंच झाकतात.

मी फितीचं सांगितलं. सांगताना मलाच कळत होतं मी किती खोटारडा वाटतोय. तो तिला घेऊन गेला, त्याच्या घरी, दुकानाच्या वर. भावाने करायला हवं तेच त्याने केलं. म्हणून तर जास्त जळतं.

१० नोव्हेंबर

मेहुणा फोन उचलत नाही. हिचा फोनही त्याच्याच ताब्यात. चिठ्ठी टाकली होती, तिचे तुकडे पायरीवर —

एवढंच सांगायचंय. फितीला हात लावू नका.

११ नोव्हेंबर, सकाळ

दुकानासमोरच्या पायरीवर बसलोय. मशीन दुरुस्तीवाला आलाय. मी काच बडवली. मेहुण्याने आतून कडी घातली, ओरडला की पोलीस बोलावलेत. येऊ देत. लवकर येऊ देत. त्यांना दाखवायला हे लिहितोय —

दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं. फिती बघून दोघं हसतायत.

गरम हवेची गन लावली. गोंद मऊ व्हावा म्हणून.

वरच्या खिडकीत ही आली. पोट धरून. वाकलीय. अजून किंचाळत नाही, नुसता श्वास —

टोक सुटलं. मेहुण्याने स्वतः चिमटीत घेतलं. मी काचेवर डोकं — तो माझ्याकडे बघतच नाही.

ही ओरडतेय. दादा, दादा. मला नाही, त्याला हाक मारतेय.

ऐकलं त्याने. वर बघून मोठ्याने म्हणाला, घाबरू नकोस गं, मी आहे ना — आणि एका दमात